अठ्ठावीस जणांचें घर

ज्यानें एकत्र कुटुंबांत जन्म काढला आहे त्यास हें सांगावयास नको कीं, शेतावरून किंवा दागिन्यांवरून घर फुटतें असें जें लोक समजतात तें फारसें खरें नाहीं. शेताचा व दागिन्यांचा तंटा वकिलाकडे जातो, पंचांपुढें जातो आणि बरावाईट कसा तरी एकदांचा मिटतो. घर फुटतें तें पोळीवरच्या तुपावरून, दुधावरच्या सायीवरून आणि "मला कोणी विचारलें नाहीं" या चार शब्दांवरून. हा तंटा पंचांपुढें नेतां येत नाहीं. कारण तो बोलून दाखवूं गेल्यास बोलणारासच आपल्या क्षुद्रपणाची लाज वाटते. म्हणून तो वर्षानुवर्षें आंतल्या आंत मुरत राहतो, आणि मग एके दिवशीं माडीवर दुसरी चूल पेटते व शेजारीपाजारी "असें कसें झालें?" म्हणून आश्चर्य करीत बसतात.

या खेपेस आम्ही ज्या मंडळींची हकीकत सांगणार आहों त्यांचा आमच्या घराशीं वस्तुतः कांहीं संबंध नाहीं. दक्षिण ध्रुवाकडील बर्फावर अडकलेले ते अठ्ठावीस जण होते, आणि त्या गोष्टीस शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. परंतु ती हकीकत आम्हांस पुन्हां वाचावीशी कां वाटली हें प्रथम सांगितलें पाहिजे. मग त्यांत आमची थोडी शोभा झाली तरी हरकत नाहीं.

सन २०२० च्या टाळेबंदींत आमच्या घरीं लहानथोर मिळून चौदा माणसें होतीं. एक संसार आमचा, दुसरा आमच्या धाकट्या बंधूंचा. बंधू आतां हयात नाहींत. त्यांचा मुलगा, सून व नातवंडें आमच्याजवळच राहतात. स्वयंपाकघर एक, न्हाणी एक, आणि बाहेर जावयास दार बंद. पहिला पंधरवडा मोठ्या हौसेंत गेला. पत्ते झाले, भेंड्या झाल्या, मुलांकडून रामरक्षा पाठ करून घेतली. पुढें हळूहळू प्रत्येकाचा आवाज अर्ध्या स्वरानें चढूं लागला. अशांत वैशाखांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें बरीच खटपट करून हापूस आंब्यांच्या दोन पेट्या दारांत आणून ठेविल्या. आंबा चिरून वांटण्याचें काम आमच्या घरीं वडील माणसाकडे असतें. तीर्थरूपांच्या पश्चात् तें आमच्याकडे आलें त्यास आतां तीस वर्षें झालीं, आणि तें आपण काटेतोल निःपक्षपातानें करतों अशी आमची समजूत होती. चवथ्या दिवशीं बंधूंचा नातू, वय वर्षें आठ, आपल्या वाटीकडे पाहून म्हणाला, "आजोबा, माझ्या वांट्याला नेहमीं कोयच कां येते?"

पानावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मुलाच्या आईनें मान खालीं घातली. आम्हीं हसून वेळ मारून नेली. त्या रात्रीं पुतण्या ओसरीवर येऊन बसला आणि अगदीं शांतपणें म्हणाला, "काका, हें सगळें उठलें कीं आम्ही माडीवर वेगळी चूल मांडावी म्हणतों." तो रागानें बोलला असता तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

झोप येणें शक्य नव्हतें. कपाटांत हाताला आलें तें सर अर्नेस्ट शॅकल्टन याचें 'साउथ' नांवाचें १९१९ सालचें पुस्तक आम्हीं उघडलें. तरुणपणीं तें साहसकथा म्हणून वाचलें होतें. त्या रात्रीं निराळ्याच गोष्टी डोळ्यांत भरल्या.

साहसाचा भाग थोडक्यांत सांगून टाकतों. अंटार्क्टिका खंड एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पायीं ओलांडावें या हेतूनें शॅकल्टन 'एन्ड्युरन्स' नांवाच्या जहाजांतून निघाला. ता. ५ डिसेंबर १९१४ रोजीं त्यानें दक्षिण जॉर्जिया बेट सोडलें, आणि पुढच्याच महिन्यांत वेडेल समुद्रांत जहाज बर्फांत रुतलें तें पुन्हां सुटलेंच नाहीं. नऊ महिन्यांहून अधिक काळ बर्फाबरोबर वाहत राहून अखेर तें चेंगरलें. २७ ऑक्टोबर १९१५ रोजीं मंडळी बर्फावर उतरली व २१ नोव्हेंबरास जहाज बुडालें. (तें समुद्राच्या तळाशीं, सुमारें ३००० मीटर खोल, २०२२ च्या मार्च महिन्यांत सांपडलें, इतक्या वर्षांनींहि त्याच्या पाठीवरचें नांव स्वच्छ वाचतां येत होतें.) त्यानंतर तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून पांच महिन्यांहून अधिक काळ, मग तीन लहान होड्यांतून एलेफंट नांवाच्या उजाड बेटापर्यंत, तेथून शॅकल्टन व आणखी पांच जण बावीस-तेवीस फुटी होडींतून आठशें सागरी मैल तोडून मदतीसाठीं परत दक्षिण जॉर्जियास, आणि शेवटीं ३० ऑगस्ट १९१६ रोजीं चिलीच्या एका छोट्या जहाजानें बेटावरील बावीस जणांची सुटका. अठ्ठावीसांपैकीं एकहि दगावला नाहीं. खंडाच्या पलीकडच्या बाजूस त्याच मोहिमेची जी दुसरी तुकडी होती तिच्यांतील तिघे मात्र मेले, हें येथें सांगितलें पाहिजे. पुष्कळ लेखक तें गाळतात.

आतां हे अठ्ठावीस जण कोण होते? कांहीं ट्रॉलरवरचे रांगडे खलाशी, कांहीं विद्यापीठांतून आलेले शास्त्रज्ञ, दोन डॉक्टर, एक चित्रकार, एक छायाचित्रकार, एक सुतार आणि एक जहाजांत लपून आलेला पोरगा. यांतील निम्म्यांचें एरवीं एकमेकांशीं चार शब्दांपलीकडे बोलणें झालें नसतें. त्यांचें एकमेकांवर प्रेम होतें असें समजण्याचें कारण नाहीं. रोजनिशींतून ते एकमेकांविषयीं जें लिहीत तें वाचलें म्हणजे प्रेमाचा भ्रम राहत नाहीं. आमच्या मतें या गोष्टींतील मुख्य मर्म हेंच आहे. ते तगले ते प्रेमाच्या जोरावर नव्हे, तर वागणुकीच्या कांहीं अगदीं बारीक रीतींच्या जोरावर. घरांत आपण उलट करतों. प्रेम आहे असें गृहीत धरतों आणि रीत सोडून देतों.

पहिली रीत कामाची. जहाज बर्फांत अडकल्यावर फरशी घासण्याच्या पाळ्या लागल्या, आणि त्या पाळ्यांत शास्त्रज्ञ व डॉक्टरहि होते. ऑर्ड-लीस नांवाचा एक लष्करी कप्तान मंडळींत होता. त्यास हें काम मनापासून नकोसें वाटे. सुसंस्कृत रीतीनें वाढलेल्या माणसाकडून फरशी घासून घेणें योग्य नव्हे, तथापि खोटा अभिमान उतरावयास तें औषध चांगलें आहे, अशा आशयाचें त्यानें रोजनिशींत लिहिलें आहे. हें वाचतांना आम्हांस आमच्या न्हाणीची आठवण झाली. टाळेबंदींत मोलकरीण येईनाशी झाली तेव्हां न्हाणी कोण घासतें याचा आम्हीं महिनाभर विचारहि केला नव्हता. ती आपोआप स्वच्छ होत होती. आपोआप होणारें काम एकाच सुनेच्या हातून होत असतें, हें ज्ञान आम्हांस वयाच्या साठीनंतर झालें. मॅट्रिकच्या पुस्तकांत तें नव्हतें.

दुसरी गोष्ट निजण्याच्या पिशव्यांची. जहाज सोडलें तेव्हां अठ्ठावीस माणसांस केसाळ कातड्याच्या ऊबदार पिशव्या अठराच होत्या; बाकीच्या लोकरीच्या, हलक्या. चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. आश्चर्य असें कीं, शॅकल्टन, त्याचा उजवा हात वाइल्ड, जहाजाचा कप्तान वर्स्ली अशा वरच्या मंडळींच्या चिठ्ठ्यांस नेमक्या लोकरीच्या पिशव्या आल्या आणि खालच्या खलाशांस सगळ्या कातड्याच्या. खलाशांच्या लक्षांत ही लबाडी आलीच. एरवीं लबाडीचें समर्थन आम्ही करणार नाहीं. वर्गांत अशा चिठ्ठ्या टाकणाऱ्या मुलास आम्ही बांकावर उभें केलें असतें. परंतु थोरानें आपल्या वांट्यास उणें येईल अशी लबाडी केली तर ती कोणी विसरत नाहीं, हेंहि खरें. आपल्या धर्मशास्त्रांत गृहस्थास 'विघसाशी' म्हटलें आहे. विघस म्हणजे अतिथि, पोरेंबाळें व आश्रित जेवल्यावर जें उरेल तें. तें खाणारा तो विघसाशी. हा शब्द आम्हीं चाळीस वर्षें मुलांस शिकविला, समास सोडवून दाखविला, आणि आंब्याची पहिली फोड नेमानें खाऊन पाहिली, "गोड आहे कीं नाहीं हें पाहावयास नको का?" असें म्हणून.

तिसरी रीत अन्नाच्या वांटणीची, आणि तिच्यापाशीं आम्ही त्या रात्रीं थांबलों. बर्फावरील तंबूंत प्रत्येक तंबूचें जेवण एका भांड्यांत येई. ज्याची पाळी असेल तो त्याचे वांटे करी. मग एक जण पाठ फिरवून बसे, दुसरा एका वांट्यावर बोट ठेवून विचारी, "हें कोणाचें?" पाठमोरा माणूस तोंडास येईल तें नांव घेई, आणि तो वांटा त्याचा. वांटणारास ठाऊक नाहीं कीं कोणता वांटा कोणाकडे जाणार. नांव घेणारास ठाऊक नाहीं कीं लहान कोणता व मोठा कोणता. एवढी अकृत्रिम न्यायपद्धति आम्हीं दुसरी पाहिली नाहीं. तरी देखील शेजाऱ्याची भाकरी आपल्यापेक्षां कांकणभर मोठी दिसतेच, आणि प्रत्येक जण चोरून तिकडे पाहतोच, असें शॅकल्टन स्वतःच लिहितो. म्हणजे मनांतली हांव या रीतीनें गेली नाहीं. गेली ती फक्त तक्रार. कारण तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध करणार?

लक्षांत घ्या, त्यांच्यांत वांटणारा अप्रामाणिक होता म्हणून ही रीत आली नव्हती. प्रामाणिक माणसावरहि संशय येतो, आणि उपाशी माणसास तो लवकर येतो, एवढेंच ती रीत जाणत होती. आम्हीं आमच्या प्रामाणिकपणावर तीस वर्षें विसंबलों. आमच्या प्रामाणिकपणाचा साक्षीदार मात्र आम्हीच होतों. चांगली फोड थोरल्या नातवास जाते हें आम्हांस दिसलें नाहीं याचें कारण आमचा हात तसा वळलेला होता. हात वळलेला असला म्हणजे डोळ्यांस दिसत नाहीं.

कुरकुऱ्या माणसाचें काय करावें, हा प्रत्येक घरांतला प्रश्न. आपण त्यास परसाकडील खोली देतों व आपल्यामागें तो काय बोलतो याची काळजी करीत बसतों. शॅकल्टननें बर्फावर तंबूंची वांटणी केली तेव्हां जे सांभाळावयास कठीण त्यांस निवडून आपल्याच तंबूंत घेतलें. छायाचित्रकार हर्ली हा गुणी पण मानाचा भुकेला; त्यास बाजूला ठेविलें तर तो आपल्याभोंवतीं दुसरा दरबार भरवील हें ओळखून शॅकल्टन त्याचा वरचेवर सल्ला घेई. सल्ला मानीच असें नव्हे. पण विचारी. "मला कोणी विचारलें नाहीं" हे चार शब्द त्या मनुष्याच्या तोंडून कधीं निघाले नाहींत, आणि पुढें होड्यांच्या प्रवासांत हर्लीचे हातमोजे हरवले तेव्हां शॅकल्टननें आपले काढून त्यास दिले. घेत नाहींस तर समुद्रांत फेंकून देतों, असा दम देऊन. त्यापायीं त्याचीं स्वतःचीं बोटें हिमानें दुखावलीं.

दमाचें एक वेळ सोपें आहे. उपकार करून तो दिसूं न देणें त्याहून फार कठीण. दक्षिण जॉर्जियाकडे जातांना होडींत सहा जण होते, अंगावरचें सर्व भिजलेलें. त्यांतला एखादा फार कांकडूं लागला, गळूं लागला, असें दिसतांच शॅकल्टन गरम दूध करावयास सांगे. पण त्या एकट्यासाठीं नव्हे, सर्वांसाठीं. ज्याच्यासाठीं तें केलें त्यास तें कळतां कामा नये, नाहीं तर आपणच सर्वांत दुबळे असें वाटून तो खचेल. वर्स्लीनें ही गोष्ट लिहून ठेविली नसती तर ती आपणांस कधीं कळलीहि नसती. आमच्या घरीं आजाऱ्यास पेज देतात ती बरोबर अर्धा डझन लोकांच्या "आतां कसें वाटतें?" सह देतात, आजारी माणूस पेजेपेक्षां त्या चौकशीनेंच थकतो.

करमणुकीविषयीं फार लिहीत नाहीं. जहाज सोडतांना प्रत्येकास खाजगी सामान दोनच पौंड नेण्याची परवानगी होती. शॅकल्टननें आपल्याजवळचीं सोन्याचीं नाणीं सर्वांदेखत बर्फावर टाकलीं. तरी हसी याचें बँजो हें वाद्य, वजन त्याच्या कितीतरी पट, मुद्दाम बरोबर घेण्यांत आलें. पुढें बेटावर दर शनिवारीं गाणीं होत आणि त्यांत एकमेकांची यथेच्छ टर उडविली जाई. कोणाजवळ एक पैशाचें पाकशास्त्राचें पुस्तक होतें. त्यांतील एक एक कृति रात्रीं मोठ्यानें वाचून उपाशी मंडळी तिच्यांत मसाला कमी कीं जास्त यावर वाद घालीत. हें वाचून आमच्या घरांतील स्त्रियांस हसूं आवरेना.

एलेफंट बेटावर मागें राहिलेल्या बावीस जणांचा कारभार वाइल्डकडे होता. दोन होड्या पालथ्या घालून त्यांनीं घर केलें होतें. सीलच्या चरबीनें पेटलेली लहान शेगडी, सगळीकडे काजळी, आणि साडेचार महिने वाट पाहणें. वाइल्ड रोज सकाळीं सांगे, आपापलें अंथरूण गुंडाळा, साहेब आजच येईल. ऑर्ड-लीस फार घोरत असे. त्याच्या दंडास दोरी बांधून ती इतरांच्या निजण्याच्या जागेवरून फिरविली होती, म्हणजे ज्याची झोंप मोडेल त्यानें ओढावी. ओढून कांहीं उपयोग होत नसे, पण ओढणाराचा राग तेवढा उतरे. याच ऑर्ड-लीसनें सुचविलें होतें कीं, पुढच्या हिंवाळ्याची सोय म्हणून सील व पेंग्विन यांचा मोठा सांठा करावा. वाइल्डनें तें मानलें नाहीं. सांठा केला तर साहेब येत नाहीं असा त्याचा अर्थ होईल व मंडळी धीर सोडतील, असें त्याचें म्हणणें. येथें आमचें मत ऑर्ड-लीसच्या बाजूचें आहे. तो कोणास आवडत नव्हता म्हणून त्याचें म्हणणें चूक ठरत नाहीं. घरांतील नावडत्या माणसाची योग्य सूचना किती वेळां अशीच वायां जाते! जहाज वेळेवर आलें म्हणून वाइल्ड शहाणा ठरला.

आतां याच्या उलट चित्र पाहा. तें उत्तर ध्रुवाकडचें आहे आणि साल जवळजवळ तेंच. कॅनडाच्या मोहिमेचें 'कार्लक' नांवाचें जहाज १९१३ च्या ऑगस्टांत अलास्काच्या उत्तरेस बर्फांत अडकलें. मोहिमेचा कर्ता स्टेफान्सन हा सप्टेंबरांत "शिकारीस जातों" म्हणून कांहीं जणांसह उतरला तो जहाजावर परत आलाच नाहीं. ११ जानेवारी १९१४ रोजीं जहाज बुडालें. जहाजावर त्या वेळीं पंचवीस जण होते. त्यांत एक इनुइट कुटुंब, म्हणजे नवरा, बायको व दोन लहान मुली. त्यांतील अकरा जण मेले.

कप्तान बार्टलेट शूर व समंजस होता. परंतु मंडळींत प्रथमपासूनच शास्त्रज्ञ एकीकडे व खलाशी दुसरीकडे असे तट पडले होते. चौघे जण कप्तानाची वाट मान्य नाहीं म्हणून स्वतंत्र निघून गेले. त्यांचा पुढें पत्ता लागला नाहीं. या चौघांतले दोघे, डॉक्टर मॅके व मरे, हे पूर्वीं १९०७ च्या मोहिमेंत शॅकल्टनच्याच हाताखालीं दक्षिणेस जाऊन आलेले होते! मॅके तर दक्षिण चुंबकीय ध्रुवापर्यंत पोंचलेल्या तिघांपैकीं एक. तींच माणसें, तोच बर्फ. एका घरांत टिकलीं आणि दुसऱ्या घरांतून उठून गेलीं. "आमची सूनच तशी", "आमचा भाऊच तसा", असें जे म्हणतात त्यांनीं यावर थोडा विचार करावा.

बाकीचे रँगेल बेटावर पोंचल्यावर बार्टलेट एका तरुण इनुइट सोबत्यास घेऊन मदतीसाठीं बर्फावरून सैबेरियाकडे निघाला. शिकार अधिक मिळावी म्हणून मंडळींनीं बेटावर निरनिराळे तळ करावे असें त्यानेंच सांगितलें होतें, आणि त्या दृष्टीनें तें योग्यहि होतें. पण तळ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, आणि कोणत्या तळास किती मिळालें हें दुसऱ्यास दिसेनासें झालें. मग बिस्किटें चोरल्याचे आरोप झाले. पक्ष्यांचीं अंडीं किती सांपडलीं याविषयीं एकमेकांशीं खोटें बोलण्यापर्यंत मजल गेली. एक जण तंबूंत बंदुकीच्या गोळीनें मेला. तो अपघात, आत्मघात कीं आणखी कांहीं, याचा उलगडा झाला नाहीं. ही सारी हकीकत मॅकिन्ले नांवाच्या एका स्कॉटिश शाळामास्तरानें लिहिली आहे. तो त्या मोहिमेंत होता, वांचला, आणि साठ वर्षांनीं, १९७६ सालीं, त्याचें पुस्तक निघालें. साठ वर्षें तो सहकाऱ्यांविषयीं गप्प राहिला. आम्ही मास्तर लोक बोलके म्हणून प्रसिद्ध आहों. त्यांत हा अपवाद.

त्या बेटावर जें एक घर अभंग राहिलें तें त्या इनुइट कुटुंबाचें. कुरालुक सील मारी, किरुक कातडीं चावून मऊ करी व सर्वांचे जोडे शिवी; ज्यांनीं एकमेकांशीं बोलणें टाकलें होतें त्यांच्याहि पायांत तिनें शिवलेले जोडे होते. तीं चौघें वांचलीं. धाकटी मुगपी तेव्हां तीन वर्षांची होती. ती २००८ सालापर्यंत जगली.

शॅकल्टनकडे पुन्हां वळतों, कारण त्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती त्यास भूषणावह नाहीं. जहाजाचा सुतार मॅकनिश हा फटकळ माणूस. जहाज सोडल्यावर शॅकल्टनच्या हुकुमानें त्याचें लाडकें मांजर मारण्यांत आलें. अन्न पुरणार नाहीं म्हणून. दोन महिन्यांनीं, बर्फावरून होड्या ओढतां ओढतां, मॅकनिशनें पुढें पाऊल टाकण्याचें नाकारलें. जहाजच राहिलें नाहीं तर नोकरीचा करार कोठला, हा त्याचा मुद्दा. शॅकल्टननें सर्वांपुढें करार वाचून दाखविला व दरडावलें. सुतार कामास लागला. पुढें याच सुतारानें आठशें मैलांच्या प्रवासासाठीं होडीच्या कडा उंच केल्या, तिला कापडाचें छत केलें, चित्रकाराच्या रंगांनीं व सीलच्या रक्तानें फटी बुजविल्या. ती होडी तरली म्हणून सगळे तरले. सुटका झाल्यावर मोहिमेंतील मंडळींस ध्रुवपदक मिळालें, तेव्हां शॅकल्टननें चार नांवें वगळलीं. त्यांत मॅकनिशचें होतें. तो १९३० सालीं न्यूझीलंडांत वारला. २००४ सालीं कोणी सहृदय लोकांनीं त्याच्या थडग्यावर ब्राँझचें मांजर बसविलें.

अठ्ठावीस जणांस जिवंत आणणाऱ्या पुरुषास एका सुताराचे एका दिवसाचे शब्द विसरतां आले नाहींत. हें पान आम्हीं मिटलें तेव्हां पहांट झाली होती.

सकाळीं आम्ही पुतण्याकडे गेलों आणि चुलीचा विषय न काढतां एवढेंच विचारलें कीं, आंब्याखेरीज आणखी काय काय आहे तें सांग. तो पुष्कळ वेळ "कांहीं नाहीं, काका" म्हणत राहिला. मग तीन गोष्टी बोलला. त्यांतील एक त्याच्या वडिलांच्या हयातींतली होती; आम्हीं त्यांस एकदां मुलांदेखत काय म्हटलें होतें, ती. आम्हांस ती आठवतहि नव्हती. बंधूंनीं ती आम्हांस कधीं बोलून दाखविली नाहीं. मुलास मात्र सांगितली होती, किंवा मुलानें ती तेथेंच ऐकली होती. आम्हीं त्यावर कसलाहि खुलासा केला नाहीं. खुलासे पुष्कळ सुचले.

त्या दिवशीं जेवणाच्या वेळीं सुरी आम्हीं धाकट्या सुनेच्या हातीं दिली, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसलों. बंधूंच्या नातवास वाट्यांपाशीं उभें केलें. त्यानें मोठ्या गंभीरपणें पहिल्या वाटीवर बोट ठेवून विचारलें, "ही कोणाची?" आमच्या तोंडांतून पहिलें नांव निघालें तें आमच्या थोरल्या नातवाचें, आणि मागें एवढा मोठा हंशा पिकला कीं वाटींत काय आहे हें वळून पाहण्याची गरज उरली नाहीं. आम्हांस स्वतःस पुढें लागोपाठ दोन दिवस कोयच आली.

माडीवरची चूल झाली. २०२१ च्या दिवाळीनंतर पुतण्यानें तेथें गॅस घेतला. जागा अपुरी होती हें त्याचें म्हणणें खरेंच होतें, आणि आम्हीं शेगडी वर न्यावयास हात लावला. आंबे मात्र अजून खालींच चिरले जातात. तो मुलगा आतां आमच्या खांद्याला लागला आहे, आवाज फुटला आहे. पेटी आली कीं जिन्यावरून खालीं येतो, वाट्या मांडतो, आणि आम्हांस म्हणतो, "आजोबा, तिकडे तोंड करा."